तांबडी माती, काळी माती

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे काशी, रामेश्वर, गेला बाजार महाबळेश्वर तरी असावें अशी वाचकांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाहीं. माझा प्रवास मात्र रत्नागिरीजवळच्या माझ्या घरापासून शिरोळ तालुक्यांतील थोरल्या बहिणीच्या घरापर्यंतचा, म्हणजे एस्. टी. च्या गाडीनें उण्यापुऱ्या एका दिवसाचा. या वाटेनें मी आजवर किती वेळां गेलों त्याची गणती नाहीं. परंतु गेल्या माघांत गेलों तो प्रथमच डोंगर, देवळें व सहप्रवासी सोडून खिडकींतून माती पाहात गेलों. हें पाहणें दहाबारा वर्षें आधीं सुचलें असतें तर आंब्याचें एक कलम वांचलें असतें, आणि बहिणीला लिहिलेलें एक पत्र लिहिण्याची बुद्धिही मला झाली नसती.

हकीकत अशी. आमच्या मातोश्री वारल्या त्या वर्षीं, त्यांनीं स्वतः वाढविलेल्या हापुसाच्या काडीचें एक कलम मीं बांधविलें आणि तें आक्काच्या परड्यांत नेऊन लाविलें. दोन वर्षें तें बरें होतें. तिसऱ्या वर्षीं कोवळीं पानें पिवळीं पडूं लागलीं; शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग हळदीसारखा. मी पडलों शाळामास्तर. कोणाची तरी चूक शोधून तिच्याखालीं तांबडी रेघ ओढल्यावांचून माझें समाधान होत नसे. मीं आक्काला लिहिलें, "आईच्या झाडाला तुझ्या घरीं दोन तांबे पाणी मिळूं नये, याचें नवल वाटतें." आक्काचें पुढचें पत्र आलें त्यांत घरच्या सर्वांची खुशाली होती, आंब्याविषयीं एक अक्षरही नव्हतें. पांचव्या वर्षीं झाड वाळून गेलें, तें मला दुसऱ्याच कोणाकडून कळलें.

या खेपेस बोलावणें आलें तें भाच्याचें. नदीच्या बाजूचें त्यांचें दोन एकर रान गेलीं कांहीं वर्षें पांढरें पडत चाललें होतें. ऊंस हातभर वाढून करपत होता. एक वीटभट्टीवाला त्या रानाची वरची तीन फूट माती विकत मागत होता, आणि आमचे मेहुणे अण्णा व त्यांचे धाकटे बंधु यांचें मन तिकडे झुकलें होतें. भाच्याला तें पसंत नव्हतें. "मामा, तुम्ही कोंकणांतले. त्या रानांत आंब्याची बाग होईल का, एकदां येऊन पाहा," असें तो म्हणाला. कोंकणांत जन्मलेल्या प्रत्येकाला आंब्यांतलें कळतें, हा घाटावरचा जुना गैरसमज आहे, आणि आम्हीही तो दूर करण्याची घाई करीत नाहीं.

आमच्याकडची जमीन जांभ्याची. घरें जांभ्याच्या चिऱ्यांचीं, गडगे जांभ्याचे, विहिरी जांभ्यांत खोदलेल्या. खाणींतून निघतो तेव्हां हा दगड सहज तासतां येतो, आणि वाऱ्या-उन्हांत पडला कीं टणक होतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांत असाच दगड विटांसारखा कापतांना पाहिला, आणि १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्याला 'लॅटराइट' हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लॅटर' म्हणजे वीट. सड्यावर या दगडावर कित्येक ठिकाणीं वीतभर देखील माती नसते. तेथें सुरुंग लावून खड्डे काढावे, बाहेरून आणलेली माती, शेणखत व पाला त्यांत भरावा, आणि मग कलम लावावें, अशी रीत आहे. रत्नागिरीस वर्षाकाठीं ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी पाऊस ओसरल्यावर कलमाच्या मुळाशीं पाणी फार दिवस तुंबून राहात नाहीं. जांभा सच्छिद्र, पाणी वाट काढतें. आंब्याच्या मुळांना हवा लागते, आणि ती आमच्याकडे न मागतां मिळत आली. म्हणून कलम वाळलें म्हणजे पाणी कमी पडलें, यापलीकडे आमची बुद्धि जात नाहीं.

पाली, साखरपा सोडून गाडी आंबा घाट चढूं लागली. रस्ता रुंद करण्याच्या कामामुळें एका वळणावर अर्धा तास थांबावें लागलें. नेहमीं अशा वेळीं मी घड्याळ पाहतों. या वेळीं समोर नुकतीच कापलेली दरड होती. वर तांबडी माती, तिच्याखालीं खडेमिश्रित मुरूम, त्याखालीं हातानें चुरेल असा पिवळट कुजका दगड, आणि सर्वांत खालीं काळा पाषाण. पाषाणाची माती कशी होते हें कोणी फळ्यावर क्रमानें काढून ठेवावें तसें तें दिसत होतें.

हा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या तप्त रसाचा झालेला आहे, आणि घाटाच्या अलीकडे व पलीकडे तो एकच आहे. मग अलीकडे तांबडी व पलीकडे काळी माती कां? मुख्य कारण पाऊस. पश्चिमेकडे लक्षावधि वर्षें पावसानें दगडांतला चुना, सोडियम, एवढेंच काय, वाळूचें मूळ द्रव्य जी सिलिका तीही पुष्कळशी धुऊन समुद्रास मिळविली. लोखंड व ॲल्युमिनियम मागें राहिलें. लोखंड गंजलें, म्हणून माती तांबडी. शाहूवाडी-राधानगरीकडच्या सड्यांवर तर ॲल्युमिनियम इतकें सांचलें आहे कीं तेथें बॉक्साइट सांपडतो. पूर्वेकडे पाऊस थोडा व ऊन फार. तेथें चुना मातींतच राहिला, आणि दगडाची झाली ती अत्यंत बारीक, चिकट, पाणी पितांच फुगणारी व वाळतांच भेगाळणारी माती. एका आईच्या पोटच्या दोन मुली निरनिराळ्या घरीं दिल्यावर वीस वर्षांनीं एकीच्या स्वयंपाकाची चव दुसरीस परकी वाटावी, तसें हें झालें आहे.

काळा रंग म्हणजे कस, अशी आपल्यांत एक समजूत आहे, ती मात्र खरी नाहीं. या मातींत पालापाचोळा कुजून होणारें सेंद्रिय द्रव्य बहुधा शेंकडा एकाहूनही कमी असतें. तिचें सामर्थ्य आहे तें ओल धरून ठेवण्यांत. पावसाळा संपल्यावर पेरलेला शाळू पुढें पाण्याच्या थेंबावांचून तिच्यांत पोसतो, तो त्या ओलीवर. ओल धरून ठेवणाऱ्या मातीला वर आणखी पाणी पाजलें तर काय होईल, हा प्रश्न त्या वेळीं माझ्या मनांत आला नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं आपणहून समोर आला.

घाटमाथ्यावर पाऊस रत्नागिरीहूनही अधिक. पुढें मलकापूर, बांबवडें ओलांडीपर्यंत तो झपाट्यानें उतरतो. कोल्हापुरास १,००० मिलिमीटरांच्या आसपास, आणि शिरोळकडे ५००-६००. भाताचीं खाचरें मागें पडलीं, ऊंस सुरू झाला. मातीचा रंग विटेसारखा होता तो कातासारखा झाला, आणि जयसिंगपूर सोडल्यावर काजळासारखा. 'शेत' जाऊन 'रान' आलें, 'परसूं' जाऊन 'परडें' आलें. शेजारीं बसलेल्या एका लहान मुलीनें मी एवढें बाहेर काय पाहतों असें विचारलें. माती, म्हणून सांगतांच ती आपल्या आईकडे जरा सरकून बसली.

तथापि घाटावर सर्वत्र काळीच माती आहे असें समजूं नये. टेकडीच्या माथ्यावर मुरूम, उतारावर हलकी व मध्यम, तळाशीं खोल काळी, आणि अगदीं नदीकांठीं गाळाची मळी, असे चार प्रकार एका गांवच्या शिवारांत असतात. वरची माती धुपून शतकानुशतकें खालीं सांचत आली, म्हणून खालची खोल. आक्काच्या घरचीं रानें यांतल्या तीन प्रकारांत विभागलेलीं आहेत.

त्यांचें गांव नरसोबाच्या वाडीपासून जवळच, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाच्या टापूंत. ओसरीच्या भिंतीवर २०१९ च्या महापुराची खूण अजून आहे, माझ्या खांद्याला लागेल इतकी उंच. रात्रीं जेवणांत कृष्णाकांठचीं वांगीं होतीं. पुराच्या मळींत तीं होतात तशीं अन्यत्र होत नाहींत. याच वांग्यांचें बीं मीं दोनदां कोंकणांत नेऊन लाविलें. वांगीं आलीं, पण चव आली नाहीं. तेवढ्यावरूनही मला शहाणपण यावयास हरकत नव्हती.

सकाळीं भाचा, मी व त्यांचे एक वृद्ध वाटेकरी असे तिघे खालच्या रानांत गेलों. नोकरीच्या सर्व वर्षांत शाळेपूर्वीं येणाऱ्या मुलांकडून मीं अमरकोशांतला भूमिवर्ग पाठ करून घेत असें. सर्व धान्यांनीं समृद्ध ती उर्वरा, उत्तम माती ती मृत्स्ना, खाऱ्या मातीची ती ऊषर. नदीवर पिकणारा देश नदीमातृक, पावसावर पिकणारा देवमातृक. पाणिनीच्या व्याकरणांत तर शेताला त्यांत होणाऱ्या धान्यावरून नांव मिळतें: मुगाचें तें मौद्गीन, व्रीहींचें तें व्रैहेय, यवांचें तें यव्य. हे शब्द मला झोंपेंतही म्हणतां आले असते. पण ऊषर भूमि दृष्टीनें पाहिली ती त्या दिवशीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं.

रानावर पिठासारखा पांढरा थर पसरला होता, आणि पायाखालीं तो फुसफुशीत लागत होता. एका कोपऱ्यांत मात्र पांढरें कांहीं नव्हतें. तेथें माती कठीण, काळसर, तेलाचे डाग पडल्यासारखी. पहिलीला खारवट म्हणतात, दुसरीला चोपण. मीं चिमूटभर पांढरी माती जिभेला लावून पाहिली, तेव्हां ते वृद्ध गृहस्थ हंसले.

"चव काय बघताय मास्तर," ते म्हणाले. "माझ्या ल्हानपनी हितं शाळू व्हायचा, बिनपान्याचा, डोक्याच्या वर. मग नदीचं पानी चढलं, ऊस आला. पानी येतंय कुठनं ते समद्यांनी बघितलं. जातंय कुठनं ते कुनी बघितलं न्हाई."

आम्हीं खड्डा खणावयास घेतला. ज्याला झाड लावावयाचें आहे त्यानें, मग तें रानांत असो कीं घरामागच्या परड्यांत असो, प्रथम कमरेइतका खड्डा खणून आंत उतरावें असें आतां माझें मत झालें आहे. वरून दिसतें ती मातीची केवळ साल. या खड्ड्यांत दीड फुटाखालीं ढेकळांच्या बाजू घांसलेल्या पाटीसारख्या गुळगुळीत होत्या. माती फुगतांना व आकसतांना एकमेकींवर घसरून त्या तशा होतात. त्याखालीं हरभऱ्याएवढे पांढरे खडे लागले. त्यांचा चुरा करून वर लिंबू पिळतांच फेंस आला, म्हणजे ती चुनखडी. आणि अडीच फुटांवर, भर माघ महिन्यांत, खड्ड्याच्या बाजूंनीं पाणी पाझरूं लागलें. बघतां बघतां भाच्याचे पाय घोट्यापर्यंत बुडाले. थोडा वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं.

रोगाचें मूळ तें. वर्षानुवर्षें उंसाला पाट सोडून दिलेलें पाणी या चिकट मातींतून लवकर खालीं जात नाहीं, बाजूला निघण्यास वाट नाहीं. तें सांचत सांचत वर येतें. दिव्याची वात जशी तेल ओढते तशी ही बारीक माती तें पृष्ठभागापर्यंत ओढून घेते. उन्हानें पाणी उडून जातें आणि त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. त्यांत सोडियमचा भाग वाढला कीं माती चोपण होते. हें दाखविण्यासाठीं मीं एका बाटलींत चोपण कोपऱ्यांतली व दुसरींत नदीकांठच्या मळीची माती घेतली, दोन्हींत पाणी घालून खूप हालविलें आणि त्या ओसरीवर ठेवून दिल्या. मळीचें पाणी संध्याकाळपर्यंत निवळलें. चोपणाचें दुसऱ्या दिवशींही दूध घातलेल्या चहासारखें होतें. सोडियमनें मातीचे कण सुटे होतात, तळाशीं बसत नाहींत, आणि जमिनींत असतांना पाण्या-हवेचीं छिद्रें बुजवून टाकतात.

अण्णा बाटल्यांकडे पाहात म्हणाले, कीं बृहत्संहितेंत खड्ड्याची परीक्षा सांगितली आहे: हातभर खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन यावें, पाणी कमी झालें नसेल तर भूमि उत्तम. मग आपलें रान उत्तमच म्हणावयाचें! ग्रंथाचा आधार बरोबर होता, परंतु ती परीक्षा घराच्या जागेची आहे. घराच्या पायाला जी जमीन बरी ती मुळांना बरी असेल असें वराहमिहिरानें कोठें म्हटलेलें नाहीं. उलट वृक्षांच्या अध्यायांत त्यानें मऊ भूमि सर्व झाडांना हितकर सांगितली, आणि तिच्यांत तीळ पेरून ते फुलल्यावर तेथेंच मोडावे असें म्हटलें आहे. आपण ताग किंवा धैंचा गाडतों तें निराळें काय आहे?

दुपारीं सारे कलंडले असतां मी पहार घेऊन परड्यांत गेलों आणि जेथें कलम होतें तेथें खणूं लागलों. आक्का मागील दारांत येऊन उभी राहिली. दीड फुटावर तेच पांढरे खडे. मातींत लोखंड पुष्कळ असलें तरी असा चुना असला कीं तें झाडाला घेतां येत नाहीं. कोठार भरलेलें आणि किल्ली हरवलेली. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणें ही त्याचीच खूण. त्यांतून मातींत पाणी तुंबलें असेल तर तें दुखणें बळावतें, आणि मुळांचा श्वासही कोंडतो.

"आक्का, त्याला पाणी किती घालीत होतीस?" मीं विचारलें.

"रोज दोन कळशा," ती म्हणाली. "तुझें पत्र आल्यावर चार घालूं लागलें."

मीं पहार भिंतीशीं टेंकून ठेविली. माझ्याहून तीन वर्षांनीं वडील असलेल्या बहिणीपाशीं चूक कबूल करण्याचा मला सराव नाहीं. जें कांहीं बोललों तें धड वाक्य झालें नसावें. "हात धू, चहा टाकतें," एवढें म्हणून ती आंत गेली. चहांत साखर नेहमींपेक्षां जास्त होती.

संध्याकाळीं ओसरीवर विचार बसला. वीटभट्टीचा सौदा हा पहिला प्रश्न. तीन फूट माती नेली तर आधींच खोलगट असलेलें रान आणखी खालीं जाईल, आणि अडीच फुटांवरचें पाणी उघडें पडून तेथें तळें होईल, हें सकाळचा खड्डा पाहिल्यावर अण्णांना निराळें सांगावें लागलें नाहीं. त्यांचे बंधु मात्र सहजासहजीं वळणारे नव्हते. रान असेंही गेलेंच आहे, मिळताहेत ते पैसे कां सोडावे, हा त्यांचा मुद्दा होता, आणि घरांत दोन मुलींचीं शिक्षणें चालू असतां तो मुद्दा पोकळ म्हणतां येत नव्हता.

मीं त्यांना नीरेच्या खोऱ्याची हकीकत सांगितली. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला. पंचवीस वर्षांच्या आंत तेथल्या जमिनी इतक्या खारावल्या कीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी ताम्हणे यांना १९१० सालीं त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. रोग जुना आणि उपायही जुना: पाण्याला बाहेर जाण्याची वाट. तीन-चार फूट खोल चर खणून त्यांत छिद्रें पाडलेल्या नळ्या उताराला घालाव्या आणि त्यांचें तोंड ओढ्यांत काढावें. मग वरून येणारा पाऊसच क्षार धुऊन नेतो. शिरोळ भागांत शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन अशीं कामें केलेलीं आहेत, तीं भाच्यानें पाहिलेलीं होतीं. चोपण कोपऱ्याला याखेरीज जिप्सम लागेल, पण तेंही नळ्या घातल्यानंतर. नाहीं तर सुटलेलें सोडियम जाणार कोठें?

"आणि आंब्याची बाग?" भाच्यानें विचारलें. त्या रानांत नाहीं, असें मीं सांगितलें. वरचा जो मुरमाड तुकडा आहे, ज्यांत तूर देखील नांवापुरती येते, तेथें खड्डे खणून पाहावें. पाणी झिरपून जात असेल व चुनखडी नसेल तर तेथें केशराचीं कलमें लावावीं. घाटावरच्या हवेंत केशर हापुसाहून बरें येतें. आंब्याच्या बाबतींत कोंकणी मनुष्याच्या तोंडून हे उद्गार निघाले याची त्या घरांत अजून चर्चा होत असेल.

मातीची सरकारी तपासणी व्हावी असेंही ठरलें. २०१५ सालीं सुरू झालेली मृदा आरोग्य पत्रिका घरांत होती. परंतु नमुना दिला होता वरच्या रानाचा, कारण तें घराजवळ. या वेळीं भाच्यानें प्रत्येक तुकड्यांत नागमोडी चालत सातआठ ठिकाणची माती घेतली आणि ती मिसळून निरनिराळ्या पिशव्या केल्या. पंधरा दिवसांनीं आंकडे आले. ज्याला मराठींत सामू म्हणतात, व जो ७ असला म्हणजे माती आंबटही नव्हे व खारीही नव्हे, तो खारवट भागाचा ८.२ व चोपण कोपऱ्याचा ९.१ निघाला. माझ्या परसवांतली एक पिशवी मीं बरोबर नेली होती, तिचा ५.६. आईच्या कलमाला एका दिवसांत मीं किती दूर नेऊन सोडलें होतें तें त्या कागदावर वाचलें.

नळ्यांचें तोंड ओढ्यापर्यंत नेण्यास खालच्या दोन शेजाऱ्यांची संमति हवी होती. एकानें लगेच दिली. दुसऱ्यानें महिनाभर उत्तर दिलें नाहीं. चैत्रांत त्याच्याही बांधालगत पांढरें दिसूं लागलें, तेव्हां तो आपण होऊन घरीं आला. अण्णांच्या बंधूंनीं एक वर्षाची मुदत दिली. त्या वर्षांत रान सुधारण्याचीं लक्षणें न दिसलीं तर पुन्हां सौद्याचा विचार, असें ठरून वैशाखांत चर खणले गेले.

आषाढांत भाच्याचा फोन आला. पाऊस चांगला लागला होता, आणि ओढ्यावर नळीच्या तोंडांतून रात्रंदिवस पाणी पडत होतें. "मामा, मीं चाखून पाहिलें," तो म्हणाला. "चांगलें खारट आहे." मग फोन आक्कानें घेतला. वरच्या मुरमाड तुकड्यांत तिनें गड्याकडून एक खड्डा खणवून त्यांत पाणी ओतून पाहिलें होतें. तासाभरांत तें जिरलें होतें.

"आईच्या झाडाची काडी केव्हां आणतोस?" तिनें विचारलें.